पोलोला मागचा स्टॅबिलायझर बार: बसवावा का, आणि बसवायचा तर कसा?

वळणवाट

गाडी: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, चाकणला बनलेली, मूळ सस्पेन्शन. घाटात जरा जोरात वळलं की पुढचं टोक बाहेर ढकललं जातं आणि बॉडी रोल (गाडीचं बाजूला कलणं) जाणवतो. पुढे कंपनीचा स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांची बाजू जोडून कलणं आवरणारी पोलादी दांडी) आहे, मागे नुसता टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांचे हात जोडणारा, पिळला जाणारा आडवा बीम). बाजारात मागच्या बीमला नटबोल्टने बसणारे बार मिळतात. प्रश्न तीन:

१. टॉर्शन बीमच्या गाडीत असा बार खरंच काम करतो का?
२. किती जाडीचा घ्यावा?
३. घरी बसवता येईल की गॅरेजलाच न्यावी लागेल?

वापर मुख्यतः पुणे ते कोकण, ताम्हिणी आणि वरंध घाट, पावसाळ्यातही. ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा.

---

रिंगपाना

पहिल्याचं उत्तर: हो, करतो. बीमचे दोन्ही बाजूंचे हात एकमेकांपेक्षा वर-खाली झाले की मधला बीम पिळला जातो. मागचा रोल आवरण्याचं काम स्प्रिंगसोबत हा पीळच करतो. दोन्ही हातांना पक्का जोडलेला बार म्हणजे त्या पिळाला आणखी एक विरोध.

पण बार 'रोल कमी करायला' घ्यायचा नसतो, पुढच्या-मागच्या पकडीचा तोल बदलायला घ्यायचा असतो. वळणात आतल्या चाकांवरचा जो भार बाहेरच्या चाकांवर जातो, तो एकूण किती हे गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यावर ठरतं. बार बसवून तो एकूण भार कमी होत नाही. पुढच्या आणि मागच्या जोडीत त्याची वाटणी तेवढी बदलते. मागची बाजू कडक केली की मागची जोडी जास्त वाटा उचलते आणि पुढच्या जोडीत आतलं-बाहेरचं चाक जास्त समान भाराने दाबलं जातं. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून समान दाबलेल्या जोडीची एकूण पकड जास्त. पुढचं टोक बाहेर ढकललं जाणं कमी होतं ते यामुळे.

मागची पकड अर्थातच तेवढी घटते. फुकट काही मिळत नाही.

---

सह्याद्री_डिझेल

वापरात पावसाळी घाट लिहिलाय, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: बसवू नका. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांना कंपन्या मुद्दाम थोडा अंडरस्टिअर (वळणात पुढचं टोक बाहेर जाण्याचा कल) ठेवतात. घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो, गाडी हळू होते, पुढचं टोक पुन्हा रेषेवर येतं. मागे कडक बार असेल तर उतारावरच्या ओल्या वळणात ॲक्सिलरेटर सोडताच भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं टोक सुटतं. पहिल्या पावसात घाटातल्या लाल मातीचा चिखल, सांडलेलं डिझेल, कुजलेला पाला, सगळं एकाच वळणावर असतं.

---

रिंगपाना

@सह्याद्री_डिझेल, धोका खराच आहे, पण 'बसवू नका' इथपर्यंत मी जाणार नाही. बार किती कडक आणि मागचे टायर किती चांगले यावर सगळं अवलंबून आहे. चांगल्या खाचेचे टायर मागे ठेवायचे हा नियम तर बार नसतानाही पाळायला हवा. आपल्याकडे नवी जोडी सर्रास पुढे घालतात आणि झिजलेली मागे ढकलतात. तशा गाडीला बार बसवणं म्हणजे धोका ओढवून घेणं, इथे तुमच्याशी पूर्ण सहमत.

जीटी टीएसआयला ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आहे, ती बारनंतरही चालूच राहते. स्टिअरिंग जितकं वळवलंय त्यापेक्षा गाडी जास्त वळतेय असं दिसलं की ती एकेका चाकाचा ब्रेक लावते. डॅशवरचा दिवा पूर्वीपेक्षा लवकर आणि वारंवार लुकलुकायला लागला तर समजा बार गरजेपेक्षा कडक झालाय.

---

गणिती_गिअर

जाडीबद्दल. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणून २ मिमी ऐकायला किरकोळ वाटले तरी तसे नसतात.

१८ वरून २० मिमी: सुमारे ५२ टक्के जास्त ताठ.
२० वरून २२ मिमी: सुमारे ४६ टक्के.
१८ वरून थेट २२: सव्वादोन पट.

पोकळ बारला 'हलका म्हणजे कमजोर' म्हणून नाकारू नका. बाहेरून २४ मिमी आणि भिंत ४ मिमी असलेला पोकळ बार साधारण २२.७ मिमी भरीव बारइतका ताठ असतो. त्याच २४ मिमीच्या भरीव बारशी तुलना केली तर ताठपणा फक्त २० टक्क्यांनी कमी, वजन मात्र ४४ टक्क्यांनी कमी. मधलं पोलाद पिळाच्या कामाला फारसं येतच नाही.

हे झालं बारपुरतं. मागच्या रोलला एकूण विरोध = स्प्रिंग + बीम + बार. बार दुप्पट ताठ घेतला म्हणून गाडीची मागची बाजू दुप्पट कडक होत नाही.

---

नवखा_चालक

मधला प्रश्न. आमच्या गाडीला सीएनजी आहे. सिलिंडरच्या वजनाने मागची बाजू बसलीय, चार माणसं बसली की स्पीडब्रेकरला खाली घासते. हा बार बसवला तर उचलली जाईल का?

---

चकती_नायलॉक

@नवखा_चालक, नाही. दोन्ही चाकं एकदम वर-खाली होतात तेव्हा बीम पिळला जातच नाही, आणि बार फक्त पिळाला विरोध करतो. म्हणून बसलेली गाडी बारने उठत नाही. त्यासाठी वजनाला साजेशा मागच्या स्प्रिंगा लागतात. आधी शॉकअप गळतायत का बघा, स्प्रिंगा थकल्या आहेत का ते उंची मोजून बघा, आणि हवा भरलेल्या गाडीच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगवेगळे छापलेले असतात.

दुसरं, आपल्याकडे खालून घासू नये म्हणून ब्रेकर तिरका घेतात. तिरक्यात चाकं एकामागून एक चढतात, म्हणजे बीम पिळला जातो. बार असेल तर तिथे झोला जास्त बसतो आणि आतलं मागचं चाक उचलायला बघतं. खड्ड्यांचंही तेच. दोन्ही चाकं एकदम पडली तर फरक नाही, एकच पडलं तर धक्का दुसऱ्या बाजूलाही जातो आणि मागे बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. मागे आई-वडील बसणार असतील तर हे आधीच धरून चाला.

---

रिंगपाना

आता बसवणं. टॉर्शन बीमच्या किटमध्ये सहसा एक बार, दोन ब्रॅकेट, यू-बोल्ट किंवा क्लॅम्प, जाड चकत्या आणि नायलॉक नट (आत प्लास्टिकची कडी असलेले, ढिले न होणारे) येतात. बीमला भोक पाडायला किंवा वेल्डिंग करायला सांगणारं किट परत करा. बीम आयुष्यभर पिळत राहतो. वेल्डच्या कडेला तापून बदललेल्या पोलादात किंवा भोकाच्या काठावर तडा सुरू होतो आणि रंगाखाली वाढत जातो. 'टाका मारून देतो' म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी तशीच बाहेर काढा.

हत्यारं: जॅक, दोन स्टँड, टॉर्क रेंच, १३ ते १९ चे सॉकेट आणि रिंग पाने, तारेचा ब्रश, झिंक प्रायमर, रंगाचं पेन.

सपाट जागी गाडी लावून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट (चाक अडवणारा ठोकळा) लावा. हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो, मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपला. जॅक उंबऱ्याखालच्या ठरलेल्या खुणेवरच. बीमच्या मध्यभागी जॅक लावू नका. तो उघड्या तोंडाचा पत्रा आहे, वाकतो. दोन्ही बाजू सारख्या उंचीवर स्टँडवर ठेवा आणि हलवून बघितल्याशिवाय खाली शिरू नका.

बीमवरची माती ब्रशने काढा. उघड्या पोटात चिखल साठलेला असतो तोही काढा, कारण क्लॅम्पखाली माती राहिली की ती थोड्या दिवसांत झडते आणि पकड ढिली होते. खरचटलेल्या जागी प्रायमर मारून पूर्ण वाळू द्या. मग बार हातानेच जागेवर धरून ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल, सायलेन्सर आणि स्टेपनीचा खळगा यांपासून किती लांब राहतो ते बघा. १२ ते १५ मिमी तरी मोकळे हवेत. ब्रेकचा पाइप किंवा वायर क्लॅम्पखाली दबली तर काम तिथेच थांबवायचं.

सगळे नट आधी बोटाने लावा. यू-बोल्टचे दोन्ही पाय आलटून पालटून थोडे थोडे आवळा, नटाच्या बाहेर दोन्हीकडे सारखे आटे दिसले पाहिजेत. शेवटचा टॉर्क किटच्या कागदावरचा. कागदात आकडा नसेल तर ८.८ दर्जाच्या कोरड्या बोल्टसाठी एम८ ला साधारण २५ न्यूटन-मीटर, एम१० ला ४५ ते ५०. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून किट बनवणाऱ्याने सांगितल्याशिवाय काही लावू नका.

शेवटी प्रत्येक नटापासून ब्रॅकेटपर्यंत पेनाने एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी टॉर्च मारून खाली वाकलं की तुटलेली रेघ लगेच दिसते.

---

कोल्हापुरी_क्लच

वाचनखूण साठवली. पेनाची रेघ फारच कामाची, लिंक रॉडला आणि चाकाच्या नटांनाही चालेल.

---

चकती_नायलॉक

वरच्यात भर. ब्रॅकेटवर पावडर कोटिंगचा जाड थर असतो. क्लॅम्पच्या दाबाखाली तो हळूहळू चेपला जातो आणि कोणी हात न लावताही बोल्टचा ताण उतरतो. म्हणून साधारण १०० किमी चालवल्यावर टॉर्क पुन्हा तपासायचा, १००० किमीला परत एकदा. बसवल्यावर आठवड्याभराने खडखड सुरू झाली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

आणि उघडलेला नायलॉक नट परत वापरू नका. आतली प्लास्टिकची कडी एकदा कापली गेली की धरत नाही.

---

जर्सी_मराठी

टॉर्शन बीम नसलेल्यांसाठी, म्हणजे मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांबद्दल. इथे अमेरिकेत सुबारू, माझदा वगैरेंना जाड मागचे बार खूप बसवले जातात. तिथे बार बॉडीला किंवा सबफ्रेमला (बॉडीखालच्या सांगाड्याला) डी-बुशने (इंग्रजी डी आकाराच्या रबरी किंवा पॉलियुरेथेनच्या तुकड्याने) धरलेला असतो आणि टोकं लिंक रॉडने खालच्या आर्मला जोडलेली असतात. बारसोबत त्याची पकडही सोसेल का हे बघावं लागतं. २००२ ते २००७ च्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये जाड बार घातला की मागच्या बारचे बॉडीवरचे मूळ ब्रॅकेट वाकतात किंवा तुटतात, हे इथे सर्वांना माहीत आहे. म्हणून मजबूत ब्रॅकेट बारसोबतच बदलतात. बाकी गाड्यांनाही विचार तोच: ताठ बार जास्त जोर लावतो आणि तो जोर सर्वांत कमकुवत दुव्यावर येतो.

---

गणिती_गिअर

ॲडजस्टेबल बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात त्याबद्दल. लिंक रॉड बारच्या टोकाकडच्या भोकात म्हणजे लांब हात, म्हणजे मऊ. आतल्या भोकात आखूड हात, म्हणजे कडक. चाकाशी जाणवणारा ताठपणा हाताच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. हात २०० मिमीवरून १८० केला तर साधारण २३ टक्के जास्त कडक. सुरुवात सर्वांत मऊ भोकापासून करा.

---

कोल्हापुरी_क्लच

डावीकडे मऊ भोक आणि उजवीकडे मधलं ठेवलं तर चालतं का? काही जण तसं करतात.

---

गणिती_गिअर

चालतं, दोन्हींच्या मधला टप्पा मिळतो. बार एकच असल्यामुळे पीळ दोन्हीकडे तोच राहतो, पण हात वेगळे म्हणून टोकांचा जोर थोडा वेगळा पडतो. फरक एकाच भोकाचा ठेवा.

---

रिंगपाना

स्वतंत्र सस्पेन्शनच्या लिंक रॉडबद्दल, कारण गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

जुना नट गंजलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट फिरवताना आतली गोळीची दांडीही सोबत फिरते, म्हणून दांडीच्या टोकातल्या खाचेत ॲलन की घालून (बहुधा ५ किंवा ६ ची) ती धरायची आणि नट रिंग पान्याने फिरवायचा. खाच गोल झाली असेल तर सरळ ग्राइंडरने नट कापा आणि लिंक नवीन घाला. नवी लिंक आवळताना हवेची गन वापरू नका. दांडी गरगर फिरते, आतली प्लास्टिकची वाटी तापते आणि लिंक पहिल्याच दिवशी ढिली होते.

डी-बुश बारच्या जाडीचाच हवा. एक मिमी सैल असला तर टकटक, एक मिमी घट्ट असला तर बार त्यात अडकतो आणि छोट्या धक्क्यांनाही गाडी कडक लागते. बारवर जुन्या बुशची खूण आणि गंज असतो तो पॉलिश पेपरने घासून काढा. पॉलियुरेथेनच्या बुशला आतून किटसोबत आलेलं ग्रीस भरपूर लावा. रबरी बुशला पेट्रोलियमचं साधं ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं.

बारच्या दोन्ही बाजूंना कॉलर येतात, ते बुशला टेकवून लावा. नाहीतर वळणावळणाला बार आडवा सरकून एका बाजूची लिंक तिरकी होते.

सगळ्यात महत्त्वाचं: लिंक शेवटचे आवळताना दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत. चार खांबी लिफ्टवर किंवा रॅम्पवर, चाकं टेकलेली. एक बाजू जॅकवर आणि दुसरी जमिनीवर असताना लिंक ओढूनताणून बसवली आणि लांबी ॲडजस्टेबल असली, तर बार कायमचा पिळलेला राहतो. गाडी डाव्या आणि उजव्या वळणात वेगळी वागते आणि मग अलाइनमेंटवाल्याला दोष दिला जातो. तपासणी सोपी आहे. सपाट जमिनीवर उभ्या गाडीत शेवटच्या लिंकचा बोल्ट हाताने, न ठोकता भोकात गेला पाहिजे.

---

सह्याद्री_डिझेल

@रिंगपाना, तपशील उत्तम. माझा मुद्दा तरी सोडत नाही, थोडा बदलतो. वळणवाट यांनी तक्रार लिहिलीय: पुढचं टोक बाहेर ढकललं जातं. बार घेण्याआधी ही कारणं काढून टाका: पुढच्या टायरांत हवा कमी, टायर जुने होऊन रबर कडक झालेलं, पुढचे शॉकअप थकलेले, कंट्रोल आर्मचे (चाक बॉडीला जोडणाऱ्या हाताचे) बुश फाटलेले, पुढचा टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर कोन) चुकलेला. पुढच्या बारच्या लिंक ढिल्या असतील तरीही स्टिअरिंग वळवल्यावर गाडी आधी कलते आणि मग वळते, तोच अनुभव येतो. थकलेल्या पुढच्या बाजूला मागून कडक बार लावणं म्हणजे रोग एका जागी आणि औषध दुसऱ्या जागी.

---

रिंगपाना

यात एक शब्दही बदलणार नाही. बार सगळ्यात शेवटी. आधी टायर, मग शॉकअप आणि बुश, मग अलाइनमेंट, आणि तरीही हवा असेल तर बार.

---

वळणवाट

खूप मोलाची माहिती, सर्वांचे आभार. दोन शंका: बार बसवल्यावर मागची अलाइनमेंट करावी लागेल का? आणि विमा, आरटीओचं काय?

---

चकती_नायलॉक

टॉर्शन बीमवर बार नुसता चढवला आणि बीमचे मूळ बोल्ट उघडले नाहीत, तर कोन बदलत नाहीत. पोलोला मागचा टो-कॅम्बर (कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल) ॲडजस्ट करायची सोयही नाही, करायचाच तर हबच्या मागे शिम (पातळ चकत्या) घालावे लागतात. तरी पुढची अलाइनमेंट एकदा तपासून घ्या, म्हणजे नंतर जो फरक जाणवेल तो बारचाच हे नक्की कळेल.

---

कागदपत्र_काका

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणीपत्रातले, कंपनीने मूळ दिलेले तपशील बदलतील असे फेरफार करायचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणेच वाचलं. बारची जाडी नोंदणीपत्रात नसते, पण त्यावर विसंबून गप्प राहू नका. विमा कंपनीला लेखी कळवा, बिल जोडा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्यात वादाचा विषय होतो. वॉरंटी चालू असेल तर सस्पेन्शनच्या भागांवरचा दावा नाकारला जाऊ शकतो. मूळ भाग कापलेले नसतील तर बार कधीही काढून ठेवता येतो, हे वेल्डिंग न करण्याचं आणखी एक कारण.

---

नवखा_चालक

बसवल्यावर नीट काम करतोय का ते तपासायचं कसं? थेट घाटात?

---

रिंगपाना

घाटात मुळीच नाही. आधी उभ्या गाडीत तपासा. एका मागच्या चाकाखाली उतरता ओट किंवा फळी घालून ते चढवा, दुसरं जमिनीवर, आणि टॉर्चने बघा बार कुठे टेकतोय का. मग दोन्ही चाकं लोंबकळू देऊन परत बघा. ब्रेकचा पाइप दोन्ही स्थितींत ताणलेला नको.

मग परवानगी असलेल्या मोकळ्या, कोरड्या पटांगणात ३०-४० च्या वेगाने एकसारखं गोल वळण घ्या, दोन्ही दिशांनी. डावीकडे आणि उजवीकडे गाडी सारखीच वागली पाहिजे. गोलातच ॲक्सिलरेटर हळू सोडून बघा, मागचं टोक किती आत येतंय ते कळेल. तेच ओल्या जमिनीवर, वेग आणखी कमी ठेवून. ओल्यात मागचं टोक अचानक सुटत असेल तर मऊ भोकावर या. भोकंच नसतील तर कमी जाडीचा बार घ्या.

टेकताना 'टक' आवाज आला तर सायलेन्सरचा हँगर आधी बघा, रबर लोंबलेलं असलं की तोच बारला लागतो.

---

सह्याद्री_डिझेल

आणि पावसात उतरणीच्या वळणाआधीच वेग कमी करायचा. वळणात शिरल्यावर पाय दचकून उचलायचा नाही, ॲक्सिलरेटर किंचित धरून ठेवायचा. बार असो वा नसो.

---

वळणवाट

ठरलं. या आठवड्यात पुढच्या लिंक, कंट्रोल आर्मचे बुश आणि चारही टायरांच्या उत्पादनाच्या तारखा बघतो. बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी कोड ना?

---

चकती_नायलॉक

हो, पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कोड एकाच बाजूच्या भिंतीवर असू शकतो, म्हणून दिसला नाही तर चाकाच्या आतल्या बाजूनेही बघा. आणि टायर बदलावेच लागले तर चारही एकदम बदला. जोडीच परवडत असेल तर ती मागे.